फळ्यावरची भाकरी

आमच्या भागात चारा छावण्या उघडल्या त्या वर्षी, चैत्रातल्या एका सोमवारी संध्याकाळी, माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांनी गावच्या दूध संस्थेच्या फळ्यावर, गाईच्या आणि म्हशीच्या दुधाच्या फॅटच्या आकड्यांखाली, आपल्या तेरा वर्षांच्या नातीने दिवसभरात काय काय खाल्ले ते खडूने लिहून काढले. सकाळी भाकरी एक, चटणी, दूध अर्धा पेला. दुपारी भाकरी दीड, पिठले. संध्याकाळी चहा, बिस्किटे दोन. प्रत्येक भाकरीपुढे तिचे वजन ग्रॅममध्ये होते. खाली सही होती. असा मजकूर चार दिवस रोज येत राहिला. गाव घाटनांदूरजवळ आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ही गोष्ट बाजारात पोचली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या कचेरीत.

हे समजायला आधी तो माणूस समजायला हवा. या पृथ्वीवर तोंडाने खाणारे जे जे काही आहे त्या सगळ्याचे शास्त्र एकच, आणि ते आपल्याला पुरते येते, अशा खात्रीने सुखात जगलेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही. ते पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. 'ढोरांचे' हा शब्द लोक अदबीने गाळत. माणसांकडे पाहताना तो तेही गाळत. माझ्या बहिणीला पाहायला आले तेव्हा त्यांनी तिला नाव, शिक्षण, स्वयंपाक यांतले काहीच विचारले नाही. ती घाबरून तांब्याभर पाणी प्यायली, तेवढे त्यांनी टक लावून पाहिले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पाणी चांगलं पिती. डोळे तजेलदार हायेत. आमाला पसंत." वडील पुढे दोन दिवस अस्वस्थ होते. डॉक्टरांच्या दारात पाहुणा आला की त्याला रामराम करता करताच ते त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडत. कातडी झटकन जागेवर बसली तर "या, टेका." सावकाश बसली तर आधी पाणी, मग बाकीचे बोलणे. मी त्या घरी कित्येक वर्षे जात राहिलो. चिमटा एकदाही चुकला नाही. एसटीत शेजारच्या प्रवाशाने पोट गच्च झाल्याची तक्रार केली, तर त्यांनी त्याच्या डाव्या बरगडीखाली बोटांनी वाजवून पाहिले आणि पाव लिटर गोडे तेल सांगितले. तो माणूस पुढच्याच थांब्यावर उतरला. एका पुढाऱ्याच्या सत्कारात आभाराचे भाषण त्यांच्याकडे होते. "साहेबांची छाती मागल्या खेपेपरीस चार बोटं वाढलीय," ते म्हणाले. "जनावराचं वजन छातीवरनंच काढतेत." टाळ्या वाजवायच्या की नाही हे मंडपाला ठरवता येईना. शेवटी साहेबांनीच वाजवल्या.

ढोरांच्या बाबतीत मात्र त्यांचे शास्त्र खरोखर पक्के होते, आणि त्यात दया होती. एकदा त्यांच्याबरोबर चाललो होतो. एक शेतकरी गाईला चाबकाने मारत होता. गाय गोठ्याच्या भिंतीची माती चाटत होती आणि भिंतीला पोपडे आले होते. त्यांनी चाबूक हिसकावून घेतला.

"कावून मारायलास बे?"

"भिंत खायली, डाक्टर. लई खादाड जात हाय."

"जनावर खादाड नसतं. उपाशी असतं, न्हाईतर आजारी असतं. तिसरं काई नसतं. तिच्या अंगात काईतरी कमी पडायलंय, ती मागायली. तुला माती दिसली, मागणं दिसलं न्हाई."

त्यांनी क्षाराची पुडी दिली. महिनाभरात गाईने भिंत सोडली, असे त्या शेतकऱ्याने मला नंतर स्वतः सांगितले.

दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि दूध संस्थेचे काम बिनपगारी पाहत होते. संस्थेने माळावर छावणी काढली आणि छावणीप्रमुख म्हणून त्यांचेच नाव एकमताने आले. निम्मे गाव तिथे जनावरांजवळ राहायला गेले. उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे शेंड्यांच्या पाल्याचे, भारे यायचे, मोठ्या जनावराला ठरलेले माप, लहानाला त्याच्या निम्मे. माप काट्यावर आणि काटा सगळ्यांसमोर. कुणाचा भारा बोटभर जड झाला तर ते एक कांडी काढून घेत, हलका झाला तर एक कांडी घालत, आणि दोन्ही वेळा तेवढ्याच आनंदाने. लोक वैतागत, पण लोकांचा त्या काट्यावर विश्वास होता. या विश्वासाचा त्यांना अभिमान होता, इतका की मापाने सुटत नाही असा प्रश्न जगात असतो हेच ते विसरले होते.

तसा एक प्रश्न त्यांच्या घरातच होता. शुभांगी, घरातली शुभी, माझी भाची. नवव्या-दहाव्या वर्षापासून तिचे वजन वाढत गेले आणि घरातला प्रत्येक जण त्याचे कारण वेगळे सांगू लागला. तिच्या आत्याच्या मते दृष्ट, वडिलांच्या मते मोबाइल, आणि माझ्या बहिणीच्या मते स्वतः बहीण, कारण लेकीला लहानपणी तूप जास्त चारले. छावणीच्या आधीच्या दिवाळीपासून बहिणीने शुभीच्या ताटातली एक भाकरी कमी केली आणि डबे माळ्यावर चढवले. हे तिने रडत रडत केले. शाळेत पोरे शुभीला 'जर्सी' म्हणत. आजोबा ढोरांचे डॉक्टर असल्यामुळे हे नाव सुचायला कुणाला फार डोके लागले नव्हते. आणि त्यात दुष्काळ. जिथे माणसे आणि बैल दोन्ही बरगड्यांवर आलेत, तिथे जाड मुलगी रस्त्याने गेली की लोक तिच्याकडे पाहत नाहीत, तिच्या घराकडे पाहतात.

त्याच सुमाराला तहसिलात छावणीविरुद्ध निनावी अर्ज गेला. मी त्या घरचा पाहुणा म्हणून त्याची एक प्रत कुणीतरी माझ्याकडेही पाठवली. अर्जात सात मुद्दे होते. छावणीची पेंड प्रमुखाच्या घरी जाते, असा पाचवा. सहावा मुद्दा शुभी होती: "पुरावा म्हणून प्रमुखाच्या नातीकडे पाहावे."

मी प्रत घेऊन छावणीवर गेलो. मानेला चिमटा बसला, पाणी आले, मग ते म्हणाले, "वाचलाय मी, पाव्हणं. बाकी सहा मुद्द्याला छावणी उत्तर देईल. सहाव्याला मला द्यावं लागंल."

"त्याला कशाला उत्तर? लहान मुलगी आहे. तो मुद्दाच बेशरमपणाचा आहे."

"बेशरम हाय, पर लोकांच्या मनात हाय. लोकांस्नी माप दावलं की लोक गप हुतेत. पोरगी किती खाती ते मापून लिवतो. फळा हाय, खडू हाय."

"लोक हसतील."

"हसू द्या. हसता हसता वाचतेत तरी."

घरी गेल्यावर बहिणीने हात जोडले. "मामंजी, पोरीची जात हाय. चव्हाट्यावर नका मांडू तिचं ताट."

"सूनबाई, दुधाची फॅट आपुन लपवितो का?"

शुभीला कुणी विचारले नाही. मीही नाही; हे इथे नोंदवले पाहिजे.

पहिले तीन दिवस त्यांच्या मनासारखे गेले. दूध घालायला आलेली माणसे किटल्या टेकवून फळा वाचू लागली. "आमचा गण्या याच्या दुप्पट गिळतो अन् काटकीवानी हाय," एक बाई म्हणाली. "दीड भाकरीत अंग कसं धरलं गं हिनं?" दुसरीने विचारले. गाव त्यांच्या बाजूला झुकत होते. ते रोज भाकरी तव्यावरून काट्यावर आणि काट्यावरून ताटात नेत, आणि संध्याकाळी एखाद्या तपासणीत पास झालेल्या पोरासारखे फळ्याशी उभे राहत.

चौथा दिवस गुरुवार. त्या संध्याकाळी मी तिथे होतो. रांग दारापर्यंत होती. त्यांनी मजकूर लिहिला, सही केली, हात झटकले. तेवढ्यात शुभी रिकामी किटली घेऊन आली. तिने फळा वरपासून खालपर्यंत वाचला, किटली खाली ठेवली आणि खडू घेतला. आजोबांच्या सहीखाली जागा थोडीच होती, त्यामुळे तिची अक्षरे बारीक झाली. गूळ, दोन खडे. शिळी भाकरी, एक. शेंगदाणे, मूठभर. ग्रॅमच्या जागी तिने लिहिले: वजन केले नाही.

"आबा, हे राहिलं हुतं," ती म्हणाली.

रांगेतून कुणीतरी म्हणाले, "घ्या डाक्टर. मांजर डोळं मिटून पीत हुतं."

"गप रं मेल्या," गण्याची आई म्हणाली. "लेकरू खरं बोलायलंय."

ते फळ्याकडे पाहत होते. "कवा खाल्लंस?"

"चारला. सगळे छावणीवर असतेत तवा. माळ्यावरनं काढून."

"आजच?"

"रोज."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी इचारलं न्हाई. तुमी ताट मोजलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. माहिती द्यावी तसे ती सांगत होती. "जेवून उठते तवा बी भूक तशीच असती, आबा. पोट भरलंय असं वाटतच न्हाई. मी लई थांबते. आकडे म्हणते, पाणी पिते. मग थांबवत न्हाई." तिने खडू जागेवर ठेवला. "तुमची सही हाय खाली. ती खोटी झाली असती."

गावात ज्याचा शब्द कधी खाली पडला नाही त्या माणसाच्या चार दिवसांच्या चार सह्या खोट्या ठरल्या होत्या, आणि त्या खऱ्या करायला पोरीने रांगेसमोर स्वतःची चोरी लिहून दिली होती. त्यांनी ओले फडके घेतले आणि अख्खा फळा पुसला, फॅटसकट. त्या दिवशी कुणाच्या दुधाला किती फॅट लागली ते गावाला कळले नाही. रांगेकडे वळून ते म्हणाले, "माझं चुकलं. ऐका सगळे. माझी पोरगी उपाशी हाय. चार वर्सं झाली, माझ्या घरात पोरगी उपाशी हाय, अन् मी तिच्या भाकरी मोजायलो."

कुणी हसले नाही. त्यांनी शुभीची किटली उचलली आणि दोघे घरी गेले. संस्थेचे दूध त्या संध्याकाळी गण्याच्या आईने मोजले.

शनिवारी ते, बहीण आणि शुभी अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले. गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो. मुलांच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. बोलता बोलता आजोबांचा हात त्यांच्या मानेकडे निघाला होता, तो बहिणीने वेळीच धरला. बाईंनी रक्त तपासायला पाठवले. आठवड्याने परत बोलावले तेव्हा थायरॉईड ठीक निघाला होता. मग त्यांनी कागद घेतला, त्यावर एक पोट आणि एक डोके काढले आणि थेट शुभीशी बोलायला सुरुवात केली.

"पोट रिकामं झालं की पोटातून एक निरोप डोक्याकडे जातो, भूक लागली म्हणून. जेवलं की आतड्यातून दुसरा जातो, आता पुरे. आणि अंगावर जी चरबी असते ना, तीही एक निरोप पाठवते, साठा भरपूर आहे, घाई नको म्हणून. हे निरोप म्हणजेच हार्मोन्स. तुझ्या अंगातून साठ्याचा निरोप निघतो, चांगला मोठ्याने निघतो. पण डोकं तो ऐकेनासं झालंय."

"म्हंजे हाळी बरूबर हाय," आजोबा म्हणाले, "कान गेलेत."

"अगदी तसंच, आजोबा."

"हार्मोन मला म्हाईत हाय. गाय माजावर येत न्हाई तवा..."

"मामंजी," बहीण म्हणाली.

बाईंनी हसू आवरले आणि बहिणीकडे वळल्या. भाकरी कमी केल्याने काय झाले ते त्यांनी तिला सांगितले. अंगाला उपासमार कळते. ते काटकसर करायला लागते आणि भुकेचा निरोप आणखी जोरात पाठवते. मग मूल चोरून खाते. त्यात लबाडी नसते. दोष तुमचाही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा बहिणीला ऐकू आले नव्हते. वेळेवर पोटभर जेवण, सगळ्यांना एकच स्वयंपाक, बिस्किटांऐवजी डाळ-उसळ, पुरेशी झोप, रोजचे चालणे, आणि तिच्या ताटावर कुणी बोलायचे नाही. पुरे हा निरोप पोचायला वीस मिनिटे लागतात, म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी तेवढे थांबायचे. हवे असेल तर मग घ्यायचे.

"इंजेक्शन न्हाई?" आजोबांनी विचारले.

"सध्या नाही."

आयुष्यात त्यांना इतके निराश झालेले मी पाहिले नव्हते. बाहेर पडताना शुभीने बाईंना विचारले, "म्हंजे मी खोटं बोलत नव्हते ना?" बाई म्हणाल्या, "नाही." तिने तो कागद मागून घेतला.

पंधरा दिवसांत तहसिलातून चौकशीला अधिकारी आले. जनावरे, त्यांच्या कानातले बिल्ले आणि चारा जुळला. सहाव्या मुद्द्यापुढे त्यांनी 'लागू नाही' असे लिहिले.

त्यानंतरचा त्या घराचा कारभार मी अधूनमधून पाहिला. डबे माळ्यावरून खाली आले. ताटावर बोलायची बंदी झाली, आणि ती सगळ्यात जड आजोबांना गेली, कारण जन्मभर ते दुसऱ्याच्या ताटावरच बोलत आले होते. तोंड आवरायला त्यांनी वीस मिनिटांची युक्ती काढली. शुभीचे जेवण झाले की ते तिच्यासमोर बसून एक केस सांगत: खिळा गिळलेला बैल, उलटे वासरू, जुळ्या शेळ्या. केस बरोबर वीस मिनिटांची असे. बैलाच्या पोटात हात घातलेला असताना वेळ संपली तर ते तिथेच थांबत. "आता बघ, लागती का भूक." कधी ती म्हणे, "लागती." मग ते काही न बोलता भाकरी वाढत. कधी म्हणे, "भूक राहू द्या. बैलाचं काय झालं ते सांगा." पहाटे ती त्यांच्याबरोबर छावणीला चार फेऱ्या घालू लागली. ती बिल्ले वाचायची, ते टिपायचे. 'जर्सी' हे नाव त्यांच्या कानावर एकदाच पडले. त्यांनी त्या पोराचा खांदा धरला, त्याला बाजेवर बसवले आणि जर्सी गाईवर पाऊण तास सांगितले: मूळ बेट, अंगकाठी, कमी चाऱ्यात दाट दूध, वासराची निगा, स्वभाव. पोराने तीनदा उठायचा प्रयत्न केला. शेवटी ते म्हणाले, "अशा गुणाच्या जनावराचं नाव घेतलंस, आनंद वाटला. पुन्ना घेशील तवा राहिलेलं सांगतो." त्या वर्गात ते नाव पुन्हा कुणी घेतले नाही.

शुभी बारीक झाली नाही. तसे आश्वासन बाईंनी दिलेही नव्हते. वजन वाढायचे थांबले, उंची वाढली, आणि चार वाजता घरात एकटी असली तरी ती दारापुढच्या ओट्यावर ताट घेऊन रस्त्यावरच्यांना दिसेल असे खाऊ लागली. पाऊस आला, छावणी उठली. पुढे ती लातूरला शिकायला गेली आणि लहान मुलांच्या आहाराचे काम करू लागली. माणसांच्या, हे आजोबा आल्यागेल्याला मुद्दाम सांगत.

गेल्या वर्षी त्यांचे खाणे सुटले. आजार असा सापडला नाही. वय झाले होते. घर त्यांच्यामागे लागले. मुलगा रागवायचा, बहीण शिऱ्याचा घास पुढे करायची, आत्या शपथ घालायची. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाव्हणं, चारा नको झाला की जनावराच्या मालकाला कळतं. माणसाच्या घरच्यांस्नी कळत न्हाई."

शुभी रजा घेऊन आली. तिने सगळ्यांना खोलीबाहेर काढले. मी तेवढा कोपऱ्यात राहिलो. ती बाजेजवळ बसली.

"आबा, भूक हाय का?"

"न्हाई गं."

"जराबी?"

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली. बाहेर जाऊन तिने आईला सांगितले, "आबाला भूक न्हाई. ते म्हणतेत ते खरं हाय. कुणी बळ करायचं न्हाई."

त्यानंतर कुणी केले नाही. ते गेले त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी दुपारी, त्यांनी आपणहून ताक मागितले. शुभीने वाटी आणली. त्यांनी दोन चमचे घेतले आणि मान हलवली. तिने वाटी खाली ठेवली आणि ओढणीने त्यांचे तोंड पुसले. मग तिने घड्याळ पाहिले: दोन वाजून दहा मिनिटे झाली होती, म्हणजे अडीचला पुन्हा विचारायचे.